शिडाच्या होडीतली पिशवी : संकटकाळी लागणाऱ्या साधनांचा एक पाठ



आमची शाळा औरंगपुऱ्यात. इथून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब. आमच्या मुलांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर, आणि गणपतीत जिल्हा परिषदेच्या मैदानावरची विसर्जन विहीर. त्यामुळे चौथीच्या वर्गात जलवाहतूक शिकवताना मी नेहमी फळ्यावर होडी, गलबत, जहाज अशी चित्रं काढते आणि पुढे जाते. या वेळी मात्र एका मुलाने अडवलं. "मॅडम, शिडाच्या होडीला इंजिन नसतं. मग ती मधेच बुडायला लागली तर आतली माणसं काय करतात?"

मी पटकन उत्तर दिलं, "लाईफ जॅकेट घालतात."

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ट्रिपला आपण कुठे घातलं होतं?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मागच्या वर्षी सहलीत एका जलाशयावर आम्ही मुलांना होडीतून फिरवलं होतं. जॅकेटं होती, पण बाकाखाली नायलॉनच्या दोरीने गाठोडं बांधून ठेवलेली. होडीवाले दादा म्हणाले, "दहा मिनिटांची तर फेरी आहे मॅडम, ओली आहेत ती, पोरांचे कपडे खराब होतील." उशीर झाला होता, पुढचं ठिकाण बाकी होतं, मी गप्प बसले. काही झालं नाही. सगळे हसत-खेळत परत आले. काही झालं नाही म्हणूनच ती गोष्ट मी विसरूनही गेले होते. त्या मुलीने आठवण करून दिली.

त्या रात्री मी ठरवलं की या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात द्यायचं नाही, पूर्ण पाठ घ्यायचा. लांबच्या समुद्रावर जाणाऱ्या शिडाच्या होडीत संकटासाठी काय काय ठेवतात, का ठेवतात आणि कुठे ठेवतात, हे मी वाचून काढलं. तोच पाठ इथे देते आहे. तुमच्या वर्गात जसा हवा तसा वापरा.

पाठाची सुरुवात : एका खऱ्या प्रसंगाने

मुलांना यादी दिली की ती पाठ करतात आणि विसरतात. म्हणून मी गोष्टीने सुरुवात केली. गोष्ट खरी आहे.

भारतीय नौदलातले अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यात बांधलेली, नावही गोव्याच्या नदीचं. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून, मुंबईहून निघून पुन्हा मुंबईलाच, मधे कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली.

२०१८ मध्ये हेच अभिलाष टॉमी 'गोल्डन ग्लोब रेस' या स्पर्धेत उतरले. १९६८ मध्ये अशीच एक स्पर्धा झाली होती आणि ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 'सुहैली' नावाच्या नौकेतून जिंकली होती. सुहैली ही आपल्या मुंबईत सागवानी लाकडातून बांधलेली! त्या स्पर्धेला पन्नास वर्षं झाली म्हणून २०१८ ची स्पर्धा जुन्या पद्धतीने ठेवली होती. दिशा शोधायला कागदी नकाशे आणि सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायचं यंत्र, जीपीएस वापरायचं नाही. टॉमी यांची नौका 'थुरिया' ही सुहैलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधली होती.

इथे मी मुलांना थांबवून विचारलं, "सगळं जुनं वापरायचं, मग जीव वाचवायची साधनंसुद्धा जुनी ठेवली असतील का?" वर्ग दोन्हीकडे विभागला. उत्तर आहे : नाही. प्रवास जुन्या पद्धतीचा होता, पण संकटात हाक मारायची यंत्रं आजची होती.

२१ सप्टेंबर २०१८. दक्षिण हिंदी महासागर. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ शहरापासून सुमारे १९०० सागरी मैल दूर, म्हणजे साधारण साडेतीन हजार किलोमीटर. आपल्या गावाहून मुंबई जितकी लांब, त्याच्या दहापट. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा आणि दहा मीटरहून उंच लाटा. थुरिया उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या मणक्याला जबर मार बसला. त्यांना उठता येईना.

त्यांच्याकडे उपग्रहावरून छोटे संदेश पाठवणारं एक यंत्र होतं. त्यावरून त्यांनी कळवलं की नौका उलटली आहे, पाठीला दुखापत आहे, चालता येत नाही. संकटाचा रेडिओ-दीप त्यांनी चालू केला. मुख्य सॅटेलाईट फोन बिघडला होता. दुसरा सॅटेलाईट फोन आणि हातातला रेडिओ एका आणीबाणीच्या पिशवीत व्यवस्थित भरून ठेवलेला होता. पण ती पिशवी होती काही पावलं दूर, आणि त्यांना तिथपर्यंत जाता येत नव्हतं.

वर्गात एकदम शांतता झाली. एका मुलाने विचारलं, "म्हणजे पिशवी होती, पण उपयोग नाही?" मी म्हटलं, "हाच आजचा पाठ आहे, वहीत लिहून घ्या."

पुढे काय झालं? ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रं हलवली. भारतीय नौदलाचं विमान मॉरिशसहून उडालं आणि त्याने नौका शोधली. आपली जहाजं निघाली, ऑस्ट्रेलियाचं निघालं, पण सगळ्यात जवळ होतं मासेमारीवर देखरेख ठेवणारं 'ओसिरिस' हे फ्रेंच जहाज. २४ सप्टेंबरला त्यातल्या लोकांनी रबरी होडीतून जाऊन टॉमी यांना स्ट्रेचरवर घेतलं. तीन दिवस ते त्या डोलणाऱ्या नौकेत पडून होते. जे यंत्र हाताला लागलं, त्याने जीव वाचला.

मुलांना शेवट ऐकायचाच असतो, म्हणून सांगते. हेच टॉमी २०२२ ला पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

साधनांचे पाच गट

यादी मोठी आहे. मुलांच्या लक्षात राहावी म्हणून मी पाच प्रश्न केले. प्रत्येक साधन कोणत्या तरी एका प्रश्नाचं उत्तर आहे.

१. पाण्यात पडूच नये म्हणून काय?

शिडाच्या नौकेवर खलाशी छातीभोवती मजबूत पट्टा बांधतो, त्याला हार्नेस म्हणतात. त्या पट्ट्याला एक-दोन मीटरचा दोर असतो आणि दोराच्या टोकाला कडी. नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पट्टी ताणून बसवलेली असते. कडी त्या पट्टीत अडकवायची आणि मग चालायचं. नौका कितीही कलंडली तरी माणूस नौकेशी बांधलेला राहतो.

मुलांना हे उंच इमारतीला रंग देणाऱ्या कामगाराच्या पट्ट्यावरून लगेच समजतं. एकट्याने जाणाऱ्यासाठी तर ही सगळ्यात महत्त्वाची वस्तू, कारण तो पडला तर नौका शिडावर पुढे निघून जाते. मागे वळवायला कुणी नसतं.

२. पडलोच तर तरंगावं कसं?

आता आलं लाईफ जॅकेट. सगळी जॅकेटं सारखी नसतात, हे मलाही आधी माहीत नव्हतं. त्यांची ताकद न्यूटनमध्ये मोजतात. ५० न्यूटनचं जॅकेट म्हणजे फक्त आधार, ते पोहता येणाऱ्यासाठी आणि किनाऱ्याजवळ. १५० न्यूटनचं जॅकेट म्हणजे साधारण १५ किलो वजन पाण्यावर उचलून धरेल इतकं. पाण्यात आपलं वजन मुळात फारच कमी भरतं, त्यामुळे एवढी ताकद पुरते. हे जॅकेट शुद्ध हरपलेल्या माणसालाही पाठीवर वळवून तोंड पाण्याच्या वर ठेवेल अशा बेताने बनवलेलं असतं. पाचवी ते आठवीच्या शिक्षकांनी इथे उत्प्लावक बल शिकवून घ्यावं, आयतं उदाहरण आहे.

नौकेवरची बरीच जॅकेटं फुगणारी असतात. आत कार्बन डायऑक्साईडची छोटी नळकांडी असते, ती फुटली की काही सेकंदांत जॅकेट फुगतं. शिवाय जॅकेटाला शिट्टी, छोटा दिवा आणि चमकणारी पट्टी असते. ओरडून घसा बसतो, शिट्टी मात्र बराच वेळ वाजवता येते, आणि लाटांच्या आवाजातही ती ऐकू येते.

पालकांसाठी एक साधी तपासणी. मुलाला जॅकेट घाला, सगळे पट्टे आवळा आणि खांद्याला धरून जॅकेट वर उचला. ते कानापर्यंत सरकलं तर ते मूल पाण्यात जॅकेटातून खाली निसटू शकतं. लहान मुलाच्या जॅकेटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. मोठ्यांचं जॅकेट लहानाला घालणं म्हणजे नुसतं समाधान.

याच गटात येतं नौकेच्या मागच्या बाजूला टांगलेलं घोड्याच्या नालाच्या आकाराचं तरंगतं कडं, त्याला बांधलेला दिवा, आणि फेकायचा तरंगता दोर. कुणी पडलं की एकाने बोट दाखवत त्याच्याकडे नजर लावून ठेवायची, दुसऱ्याने कडं फेकायचं. नजर हटली की लाटांत डोकं पुन्हा दिसणं फार अवघड.

३. होडीच वाचवायची कशी?

इथे मुलांना सगळ्यात जास्त मजा आली, कारण यातल्या बऱ्याच वस्तू घरातल्या आहेत.

पाणी शिरलं तर : पंप हवा, आणि पंप बिघडला तर दोर बांधलेल्या दोन मजबूत बादल्या. नौकेच्या तळाला पाणी आत-बाहेर करणाऱ्या नळ्यांसाठी भोकं असतात. प्रत्येक भोकाजवळ त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवतात. नळी तुटली की खुंटी ठोकायची. ही खुंटी मुद्दाम मऊ लाकडाची घेतात. का? मी विचारलं तेव्हा एका मुलीने उत्तर दिलं, "मॅडम, पावसाळ्यात आमचं दार फुगतं आणि लागत नाही, तसं!" अगदी बरोबर. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि भोक घट्ट बसतं.

आग लागली तर : नौकेवर स्वयंपाकाचा गॅस असतो. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर आपण दार-खिडक्या उघडतो आणि तो दाराच्या फटीतून बाहेर जातो. नौका मात्र एखाद्या टोपासारखी असते, गळलेला गॅस तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून गॅसचा वास ओळखणारं यंत्र, अग्निशामक नळकांडं आणि आगीवर टाकायचं न जळणारं कापड ठेवतात. नळकांडं शेगडीच्या मागे ठेवायचं नाही, दारापाशी ठेवायचं. नाहीतर ते घ्यायला आगीतूनच हात घालावा लागेल. आपल्या शाळेतलं नळकांडं कुठे टांगलंय, हे या निमित्ताने जरूर बघा.

डोलकाठी मोडली तर : ती तारांनी नौकेला बांधलेलीच राहते आणि लाटांबरोबर नौकेच्या अंगावर आपटत राहते. त्यात नौकेला भोक पडू शकतं. म्हणून जाड तार तोडायचा मोठा कटर हाताशी हवा.

याशिवाय नांगर आणि त्याचा दोर, सुकाणू मोडलं तर वापरायचा पर्यायी दांडा, टॉर्च, होकायंत्र आणि प्रथमोपचार पेटी. पेटीत नेहमीच्या औषधांबरोबर उलटी थांबवणारं औषध आणि पाण्यात घालायची क्षार-साखरेची पुडी, आपली ओआरएस. समुद्र लागल्यावर सतत उलट्या होतात, आणि शरीरातलं पाणी गेलेला माणूस कितीही हुशार असला तरी दोराची गाठ नीट मारू शकत नाही.

४. हाक मारायची कशी?

जमिनीवर आपण ओरडलो की शेजारचे काका धावत येतात. समुद्रावर शेजारी कुठे आहे तेच दिसत नाही. म्हणून हाक दोन प्रकारची लागते, जवळची आणि लांबची.

जवळची हाक म्हणजे उजेड आणि धूर. लाल पॅराशूट रॉकेट सुमारे ३०० मीटर वर जातं आणि ४० सेकंद जळत खाली उतरतं, लांबच्या जहाजाला दिसायला. हातात धरायची लाल मशाल साधारण एक मिनिट जळते, आलेल्या मदतीला 'मी इथे आहे' हे नेमकं दाखवायला. दिवसा नारिंगी धूर, वरून बघणाऱ्या विमानाला दिसायला. मशाल वारा जिकडे जातो त्या बाजूला, नौकेबाहेर हात काढून धरायची, म्हणजे ठिणग्या अंगावर येत नाहीत. मुलांना लगेच दिवाळी आठवते. तेव्हा सांगा की हे फटाके नाहीत, गंमत म्हणून पेटवले तर दुसऱ्याच कुणाची तरी बचाव-यंत्रणा विनाकारण धावते. आणि यांच्यावर वापराची शेवटची तारीख असते, औषधासारखी.

मग व्हीएचएफ रेडिओ. समुद्रावर १६ नंबरचं चॅनेल संकटासाठी ठेवलेलं आहे. जीवाला धोका असेल तर 'मेडे' हा शब्द तीन वेळा म्हणायचा, मग नौकेचं नाव, कुठे आहोत, काय झालं, किती माणसं आहेत. हा शब्द फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' या अर्थाच्या शब्दांवरून आला. आम्ही वर्गात याचं नाटुकलं केलं. मुलं घाबरल्याचा अभिनय इतका करत होती की 'कुठे आहोत' हेच सांगायचं विसरत होती! तिथेच कळलं की सराव का लागतो.

लांबची हाक म्हणजे ईपर्ब, टॉमी यांनी चालू केला तो रेडिओ-दीप. चालू केला की तो ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संदेश पाठवतो. त्याची बॅटरी कमीत कमी ४८ तास चालते. अंगावर बाळगायचा त्याचा धाकटा भाऊ म्हणजे पीएलबी, तो साधारण २४ तास चालतो. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक असतो आणि तो आधी नोंदवावा लागतो, तरच बचाव केंद्राला कळतं की नौका कोणाची आणि घरच्यांना फोन कुठे करायचा. नोंदणी न केलेला दीप म्हणजे नाव न सांगता मारलेली हाक.

भारतात हे उपग्रह-संदेश बेंगळुरूला इस्रोच्या केंद्रात येतात आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रांना कळवलं जातं. आपल्या कोळी बांधवांच्या बोटींसाठी इस्रोने याच धर्तीवर कमी खर्चाचं संकट-संदेश यंत्र तयार केलं आहे. त्याच्या नव्या रूपात तांडेलाला 'तुमचा संदेश पोहोचला' असं उत्तरही परत येतं. अडकलेल्या माणसाला एवढा निरोप केवढा धीर देत असेल, याचा विचार मुलांना करायला सांगा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे, आणि कुठल्याही संकटासाठी ११२. हे दोन्ही आमच्या मुलांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले.

५. होडी सोडावीच लागली तर?

शेवटचा उपाय म्हणजे फुगणारा तराफा. तो डब्यात घडी करून ठेवलेला असतो, दोर ओढला की फुगतो. वर छत असतं, म्हणून ऊन, वारा, लाट यांपासून थोडा बचाव होतो.

पण 'शेवटचा' हा शब्द महत्त्वाचा. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट शर्यतीत मोठं वादळ आलं. ३०३ नौका होत्या. २४ नौका खलाशांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या बुडाल्या फक्त ५. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या! त्या शर्यतीत १५ स्पर्धक दगावले, आणि त्यांतले काही तराफ्यात उतरल्यावर गेले. तेव्हापासून शिकवतात की नौका तरंगत असेपर्यंत तीच सगळ्यात मोठा तराफा आहे.

उलट बाजूही आहे. १८ नोव्हेंबर २०२२ ला गोल्डन ग्लोब स्पर्धेतच फिनलंडचे तापियो लेह्टिनेन यांच्या नौकेत मागून पाणी शिरलं आणि सुमारे पाच मिनिटांत ती बुडाली. पाच मिनिटं म्हणजे आपली हजेरी घेऊन होते तेवढाच वेळ. त्यांनी थंडीपासून वाचवणारा पोशाख चढवला, तराफा सोडला, त्यात उतरले. दुसऱ्या दिवशी स्पर्धेतल्याच कर्स्टन नॉयशाफर यांनी रात्रभर नौका हाकत येऊन त्यांना गाठलं आणि मग 'दर्या गायत्री' या मालवाहू जहाजावर चढवलं. त्या कर्स्टन पुढे ती स्पर्धा जिंकल्या.

तराफ्यात जाताना उचलायची असते ती आणीबाणीची पिशवी. पाणी न शिरणारी, तरंगणारी, भडक रंगाची. आत पिण्याचं पाणी, हातातला रेडिओ, पीएलबी, टॉर्च, मशाली, आरसा, शिट्टी, सुरी, रोजची औषधं, ओळखपत्राची प्रत, थोडं खाणं, अंग गरम ठेवणारं चमकतं पांघरूण. आरसा कशाला, असं मुलं विचारतात. ऊन असेल तर त्याची तिरीप लांबच्या विमानाला दिसते आणि त्याला बॅटरी लागत नाही.

आपल्या पाण्यावर

इथपर्यंत आल्यावर कुणी म्हणेल, मॅडम, हे सगळं महासागराचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची एक वेगवान बोट धडकली. नीलकमलवर शंभरहून जास्त माणसं होती. १५ जणांचे प्राण गेले. अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींवर प्रवाशांनी लाईफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं. मुंबईचा किनारा डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी, तासाभराचा नेहमीचा प्रवास. वादळ नव्हतं.

टॉमी यांची पिशवी काही पावलं दूर राहिली ती मणक्याला मार बसला म्हणून. आमच्या सहलीतली जॅकेटं दोन फुटांवर होती आणि आम्ही सगळे धडधाकट होतो. ती मी मागितलीच नाहीत. पाठ तयार करताना हे मला फार लागलं.

म्हणून पाठाच्या शेवटी मी मुलांकडून तीन प्रश्न पाठ करून घेतले. प्रत्येक साधनाला हे तीन प्रश्न विचारायचे :

* हाताला लागतं का? (कुठे ठेवलंय, बांधून ठेवलंय का, अंधारात सापडेल का)
* चालतं का? (तारीख, बॅटरी, फाटलं-गंजलं आहे का)
* वापरता येतं का? (मी स्वतः एकदा तरी करून पाहिलंय का)

तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच ते साधन आहे. नाहीतर ती नुसती वस्तू.

वर्गातील उपक्रम

१. *अंधारातली टॉर्च.* मुलांना डोळे मिटायला सांगा. दप्तरातून कंपासपेटी दहा सेकंदांत काढायची. आमच्या वर्गात पहिल्या वेळी मोजक्याच मुलांना जमलं. मग प्रत्येकाने पेटीची जागा ठरवली आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्यांना जमलं. जागा ठरलेली असणं म्हणजे काय, हे यापेक्षा सोपं शिकवता येत नाही.

२. *पाच मिनिटांची पिशवी.* गट करा. टेबलावर वीस वस्तूंच्या चिठ्ठ्या ठेवा, पिशवीत फक्त आठ बसतात. पाच मिनिटांत निवडायचं आणि प्रत्येकीचं कारण सांगायचं. आमच्या एका गटाने मोबाईल घेतला आणि पाणी ठेवलं! त्यावर छान चर्चा झाली.

३. *तरंगणारा बटाटा.* बादलीत बटाटा टाका, बुडतो. त्याला थर्माकोलची पट्टी रबराने बांधा, तरंगतो. आता पट्टी सैल बांधून बघा. बटाटा निसटतो. सैल जॅकेटाचं तेच होतं.

४. *घरची तपासणी.* घरात टॉर्च, प्रथमोपचार पेटी आणि गॅसचं बटण कुठे आहे, ते घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे का, हे विचारून यायचं. आजी-आजोबांनाही विचारायचं.

सहलीआधी शिक्षकांनी आणि पालकांनी विचारायचे प्रश्न

* होडीत किती माणसांना परवानगी आहे? आम्ही किती आहोत?
* प्रत्येक मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का? होडीत चढण्याआधी घालायला मिळेल का?
* फेकायचं कडं आणि दोर कुठे आहे?
* होडीवाल्यांकडे चालू फोन किंवा रेडिओ आहे का?
* हवामान कसं आहे? वारा वाढला तर फेरी रद्द करायची तयारी आहे का?

उत्तर समाधानकारक नसेल तर मुलांना काठावरूनच पाणी दाखवावं. मुलं थोडी हिरमुसतील, पालकही विचारतील. ते चालेल.

यंदाच्या सहलीतही एक होडी होती. या वेळी मी गाठोडं आधी सोडायला लावलं. होडीवाले दादा थोडे कुरकुरले, पण त्यांनीच मग लहान मापाची जॅकेटं आतून शोधून आणली. एकेका मुलाला उभं करून खांद्याला धरून वर उचलून पाहिलं. बेचाळीस मुलं, पंचवीस मिनिटं गेली. पुढचं एक ठिकाण राहून गेलं. परतताना बसमध्ये ती मागच्या बाकावरची मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, या वेळी घातलं होतं आपण."

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय काय विचारलं ते मला जरूर कळवा. मुलांच्या प्रश्नातूनच हा पाठ झाला, पुढचाही तसाच होईल.